सरासरी सारखीच, मग साथ इथेच का? नेटवर्क, हब आणि नवापूरची गोष्ट

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना अर्धवट सुटलेली वाक्यं इथे पूर्ण केली आहेत, बाकी सगळं ऐकलंत तसंच.)



आज आधी एक छोटं काम देतो. फोन हातात आहेच, तर कॉल लॉग उघडा आणि गेल्या सात दिवसांत किती वेगवेगळ्या माणसांशी बोललात ते मोजा. सात? दहा? फार तर पंधरा? आता तुमच्या गावातल्या किराणा दुकानदाराला हेच विचारा. किंवा गाडी भाड्याने देणाऱ्याला, मिरचीच्या व्यापाऱ्याला, आशाताईला. त्यांचा आकडा शंभरच्या पुढे जाईल.

तुमचे दहा आणि त्यांचे दीडशे. दोघांची सरासरी काढली तर ऐंशी येते. पण ऐंशी माणसांशी बोललेलं तुमच्यात कोणीच नाही! सरासरी निघाली, पण त्या सरासरीचा माणूस गावात सापडत नाही.

आजचा सगळा एपिसोड या एका गोष्टीवर आहे. जोडण्यांच्या बाबतीत सरासरी आपल्याला फसवते. आणि ती फसवते तेव्हा रोगाची साथ कुठे थांबवायची, लस आधी कुणाला द्यायची, अफवा कशी अडवायची, हे सगळे निर्णय चुकू शकतात. आपल्या नंदुरबार जिल्ह्याचं यातलं उदाहरण देशाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. तिथे येऊच.

डिग्री, पण कॉलेजची नाही

आधी तीन शब्द शिकून घेऊ. नेटवर्क म्हणजे जाळं. जाळ्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे नोड: तो माणूस असेल, गाव असेल, वेबसाइट असेल किंवा पोल्ट्री फार्म. दोन ठिपक्यांना जोडणारी रेघ म्हणजे लिंक. आणि एका ठिपक्याला किती रेघा जोडल्या आहेत, तो आकडा म्हणजे त्याची डिग्री. या डिग्रीला ना परीक्षा, ना फी.

आता सगळ्या ठिपक्यांच्या डिग्र्या लिहून काढा. एक लिंक असलेले किती, दोन असलेले किती, पन्नास असलेले किती. या हिशेबाला डिग्री डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. कोणाला किती जोड मिळाले, त्याचं वाटप.

वाटप दोन तऱ्हांचं असू शकतं. उंचीचं बघा. शहाद्याच्या एसटी स्टँडवर उभे राहा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची उंची मोजा. बहुतेक मोठी माणसं पाच-साडेपाच फुटांच्या आसपास. सहा फुटी थोडे, साडेसहा फुटी एखादा. अकरा फुटी कोणी नाही आणि कधी येणारही नाही. इथे सरासरी खरं बोलते.

पैशाचं मात्र तसं नाही. सरासरीपेक्षा दुप्पट पैसेवाला भेटतो, दहापट भेटतो, हजारपटही भेटतो. पुष्कळ जाळ्यांमधल्या जोडण्यांचं वाटप उंचीपेक्षा पैशाच्या जवळ जातं.

शेपूट किती लांब?

थोडं गणित करू, पळू नका. एक जाळं कल्पनेत घ्या, ज्यात १० लिंक असलेली माणसं १०,००० आहेत. नियम असा: लिंक दुप्पट झाल्या की माणसं पावपट उरतात. म्हणजे २० लिंकवाले २,५००, ४० वाले ६२५, ८० वाले साधारण १५६ आणि १६० वाले ३९. माणसं कमी होत जातात, पण संपत नाहीत. आलेख काढला तर उजवीकडे लांबच लांब शेपूट दिसतं. याला पॉवर लॉ म्हणतात.

आता दुसरा नियम घ्या: दर १० लिंक वाढल्या की माणसं निम्मी. १० वाले १०,०००, २० वाले ५,०००, ३० वाले २,५००. सुरुवातीला हा नियम जास्त उदार वाटतो ना? पण पुढे बघा. ८० वाले फक्त ७८ आणि १६० वाल्यांचा हिशेब एका माणसाच्याही खाली जातो. शेपूट तुटलं. हे एक्स्पोनेन्शियल वाटप.

पहिल्या नियमाची गंमत अशी की १० वरून २० वर जा किंवा १,००० वरून २,००० वर जा, घट तितकीच: पावपट. जाळ्याकडे जवळून बघा, लांबून बघा, चित्र तसंच दिसतं. "इथे साधारण इतक्या लिंक असतात" असं सांगणारी मोजपट्टीच उरत नाही. म्हणून अशा जाळ्याला स्केल-फ्री म्हणतात. स्केल म्हणजे ती मोजपट्टी. आणि शेपटाच्या टोकाला बसलेले, प्रचंड जोडण्या असलेले जे थोडे ठिपके, ते हब.

हब बनतात कसे? मिरची बाजाराला विचारा

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठातले आल्बर्ट-लास्लो बाराबाशी, रेका आल्बर्ट आणि हावूंग जोंग यांनी विद्यापीठाच्या वेबसाइटवरच्या सव्वातीन लाखांहून जास्त पानांचा नकाशा काढला. कुठलं पान कुठल्या पानाला जोडलंय, बस एवढंच. बहुतेक पानांकडे मोजक्या लिंक, आणि थोड्या पानांकडे लिंकांचे ढीग. वाटप पॉवर लॉच्या जवळ जाणारं.

असं का, याचं बाराबाशी आणि आल्बर्ट यांनी दिलेलं उत्तर दोन वाक्यांत मावतं. एक, जाळं वाढत असतं, नवे ठिपके येत राहतात. दोन, नवा ठिपका जोडला जाताना आधीच जास्त जोडण्या असलेल्याकडे जास्त ओढला जातो. (विज्ञानातले निबंध एकमेकांचा उल्लेख कसा करतात हे बघताना डेरेक प्राइस या अभ्यासकाच्या हाती हीच कल्पना त्याआधीच लागली होती.)

आपल्याकडे हे एका वाक्यात म्हणतात: पैशाकडे पैसा जातो.

नंदुरबारचा मिरची बाजार डोळ्यासमोर आणा. शेतकरी गाडी भरून मिरची कुठे नेईल? जिथे व्यापारी जास्त, तिथे. व्यापारी दुकान कुठे टाकेल? जिथे मिरची जास्त येते, तिथे. मग मिरची वाळवायच्या पथाऱ्या तिथेच पडतात, मजूर तिथेच येतात, ट्रकवाले तिथेच थांबतात. कोणी कागदावर ठरवलं नव्हतं, पण हब तयार झाला. जो आधी पुढे गेला, तो आणखी पुढे जात राहतो.

दोन पाडे, एकच सरासरी

आता मुख्य मुद्दा. दोन पाडे कल्पनेत घ्या, प्रत्येकात १०० माणसं.

पहिल्या पाड्यात प्रत्येकाची ओळख बरोबर चौघांशी. सरासरी ४.

दुसऱ्या पाड्यात दोन माणसं सगळ्यांना ओळखतात: दुकानदार आणि आशाताई. दोघांच्या ९९-९९ लिंक. बाकी ९८ जणांची ओळख फक्त या दोघांशी, म्हणजे प्रत्येकी २. बेरीज ३९४, सरासरी ३.९४. म्हणजे जवळपास ४ च.

सरकारी तक्त्यात दोन्ही पाडे सारखेच दिसतील. पण आता साथ येऊ द्या.

साथीच्या गणितात नुसती सरासरी चालत नाही, लिंकांच्या वर्गाची सरासरी लागते. कारण हब दोनदा महत्त्वाचा ठरतो. त्याच्याकडे रोग येण्याचे रस्ते जास्त, आणि त्याच्याकडून रोग जाण्याचे रस्तेही जास्त. पहिल्या पाड्यात वर्गाची सरासरी ४ गुणिले ४, म्हणजे १६. दुसऱ्या पाड्यात ती येते जवळपास २००!

सोप्या अंदाजानुसार, साध्या सरासरीला या आकड्याने भागलं की रोग टिकण्याचा उंबरठा मिळतो. म्हणजे लागण होण्याचा वेग बरं होण्याच्या वेगाच्या किती पट असला की रोग जाळ्यात मुक्काम ठोकेल. पहिल्या पाड्यात हा उंबरठा ०.२५. दुसऱ्यात ०.०२. म्हणजे पहिल्या पाड्यात जो रोग विझून जाईल, त्याच्यापेक्षा कितीतरी दुबळा रोग दुसऱ्या पाड्यात पाय रोवू शकतो.

हा दुसरा पाडा मी मुद्दाम टोकाचा बनवलाय. पण २००१ मध्ये रोमुआल्दो पास्तोर-सातोरास आणि आलेस्सांद्रो वेस्पिग्नानी या दोघांनी कॉम्प्युटर व्हायरसचा विचार करताना दाखवलं की शेपूट पुरेसं लांब असलेलं स्केल-फ्री जाळं जितकं मोठं होत जाईल, तितका हा उंबरठा शून्याकडे सरकतो.

याची दुसरी बाजूही आहे. दुसऱ्या पाड्यातला कोणीही एक जण डोळे मिटून निवडा आणि तो कामासाठी सुरतला निघून गेला असं समजा. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा जाळ्याला काहीच फरक पडणार नाही. पण दुकानदार आणि आशाताई दोघं एकदम गेले, तर उरलेले ९८ जण ९८ बेटं होतात. हबवालं जाळं अपघाताला चिवट, पण नेमक्या घावाला हळवं. आल्बर्ट, जोंग आणि बाराबाशी यांनी २००० साली 'नेचर'मध्ये हेच मांडलं होतं.

नवापूर, फेब्रुवारी २००६

आता आपल्या जिल्ह्यात या. नवापूर. सुरत-धुळे महामार्गावरचं गाव, आणि रेल्वे स्टेशन तर असं की अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. आजूबाजूला अंड्यांच्या कोंबड्यांचे मोठमोठे पोल्ट्री फार्म.

२००६ च्या फेब्रुवारीत तिथे कोंबड्या हजारोंनी मरायला लागल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, आणि १८ फेब्रुवारीला सरकारने जाहीर केलं: एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. भारतातल्या पोल्ट्रीत तो पहिल्यांदाच सापडला होता, आणि सापडला तो नवापुरात. बाधित फार्मभोवती तीन किलोमीटरच्या वर्तुळातले पक्षी मारायचे ठरले. पांढरे सूट, मास्क आणि चष्मे घातलेली पथकं फार्मांवर उतरली. लाखो कोंबड्या खड्ड्यांत गेल्या. माणसाला लागण झाल्याचं आढळलं नाही, पण चिकन आणि अंड्यांचे भाव देशभर कोसळले. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांतही रोग सापडला. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा तोच प्रसंग आला.

आता हे जाळ्याच्या नजरेने बघा. एका पोल्ट्री फार्मच्या लिंक कोणत्या? पिल्लं येतात तो रस्ता, खाद्याचा ट्रक, अंड्यांचे रिकामे ट्रे परत आणणारी गाडी, म्हाताऱ्या कोंबड्या उचलणारा व्यापारी, फार्मवर येणारे मजूर. परसात आठ कोंबड्या पाळणाऱ्या मावशीच्या लिंक दोन-तीन, त्याही पाड्यातल्या पाड्यात. मोठ्या फार्मच्या लिंक दोन राज्यांत पसरलेल्या.

नकाशावर तीन किलोमीटरचं वर्तुळ काढणं सोपं असतं, आणि ते लागतंच, कारण रोग शेजारीही पसरतो. पण वर्तुळाला ट्रक दिसत नाही. दोन किलोमीटरवरची, कुणाशीच व्यवहार नसलेली मावशीची खुराडी वर्तुळात येतात, आणि दोनशे किलोमीटरवरचा, त्याच गाडीतून ट्रे घेणारा फार्म वर्तुळाबाहेर राहतो. म्हणून पक्षी मारण्याबरोबर वाहतूकही बंद करावी लागते, फार्मच्या तोंडाशी गाडीची चाकं फवारावी लागतात. किलोमीटरचं अंतर एक, लिंकांचं अंतर वेगळं. साथीत दोन्ही मोजावी लागतात.

आणि त्या खुराड्यांतल्या आठ कोंबड्या गेल्या, तर मावशीचे वर्षाचे मिठा-तेलाचे पैसे जातात. हबमुळे आलेल्या संकटाची किंमत शेपटाच्या दुसऱ्या टोकाला, सगळ्यात कमी लिंक असलेल्याला मोजावी लागते. हे विसरू नका.

शेपूट कापता येतं का?

आता शेजारच्या धुळे जिल्ह्यात जाऊ, नवापूरला लागून असलेल्या साक्री तालुक्यात. राईनपाडा. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरलेली होती. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या, डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारलं.

अफवा आणि विषाणू, दोघांनाही जाळंच लागतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतासाठी मर्यादा आणली: एक मेसेज एका वेळी जास्तीत जास्त पाच चॅटना फॉरवर्ड करता येईल. एप्रिल २०२० पासून, खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला. कंपनीने सांगितलं की असे मेसेज त्यानंतर ७० टक्क्यांनी घटले.

ही मर्यादा काम का करते? दोन मित्रांना जोक पाठवणाऱ्याला तिचा काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो एका बोटाने शंभर ग्रुपांवर टाकणाऱ्याला. म्हणजे सरासरी माणूस जिथे होता तिथेच, फक्त शेपूट छाटलं. पण पूर्ण नाही हं! पाच चॅट म्हणजे पाच माणसं नव्हेत. तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ जण मावायचे, म्हणजे पाच ग्रुप धरले तर साडेबाराशेहून जास्त. हब आता माणसाऐवजी ग्रुप झाला. त्यामुळे ग्रुपचा अ‍ॅडमिन तुम्ही असाल, तर तुम्ही शेपटाच्या टोकावर बसलेले आहात. फॉरवर्ड करण्याआधीचे तुमचे दहा सेकंद इतरांच्या दहा सेकंदांपेक्षा महाग आहेत.

सगळीकडे हब बघू नका

इथे थोडा ब्रेक मारतो. बाराबाशींच्या शोधानंतर जो तो प्रत्येक जाळ्याला स्केल-फ्री म्हणायला लागला. ते खरं नाही.

चौकच घ्या. एका चौकाला रस्ते किती? तीन, चार, फार तर सहा. हजार रस्त्यांचा चौक बांधायला जागा कुठाय? रस्त्यांचं जाळं स्केल-फ्री होऊच शकत नाही.

रेल्वेचंही बघा. २००३ मध्ये कोलकात्याच्या संशोधकांनी भारतीय रेल्वेचा अभ्यास केला, ५८७ स्टेशनं आणि ५७९ गाड्या घेऊन. एकच गाडी दोन स्टेशनांवर थांबत असेल तर त्या दोघांत लिंक, असं त्यांनी धरलं. कुठल्याही स्टेशनवरून कुठल्याही स्टेशनला जायला सरासरी दोनच्या थोड्या वर गाड्या पुरतात, असं निघालं. म्हणजे साधारण एकदा गाडी बदला की पोचलात. पण डिग्रीचं वाटप मात्र पॉवर लॉ नव्हतं, एक्स्पोनेन्शियल होतं. शेपूट तुटलेलं. समजण्यासारखं आहे: प्रत्येक नव्या जोडणीला रूळ लागतात, फलाट लागतो, गाडीचा वेळ जातो. वेब पेजला लिंक जोडायला काही लागत नाही.

२०१९ मध्ये ॲना ब्रोइडो आणि ॲरन क्लॉसेट यांनी जवळपास १,००० जाळी कडक कसोटीवर तपासली. स्केल-फ्री असल्याचा सर्वांत भक्कम पुरावा फक्त ४ टक्के जाळ्यांत मिळाला. त्यावर वादही झाले. पण आपल्या कामाची गोष्ट त्या वादात बुडत नाही. पॉवर लॉ तंतोतंत असो वा नसो, वाटप असमान असेल तर सरासरीवर विसंबू नका.

हब शोधायचा कसा? साधी युक्ती

आता सगळ्यात उपयोगी भाग. समजा लस थोडी आहे, किंवा एक महत्त्वाची बातमी पाड्यापाड्यात पोचवायची आहे. सगळ्या जाळ्याचा नकाशा कोणाकडेच नाही. हब कसा सापडणार?

युक्ती अशी: कोणालाही गाठा, पण त्याला निवडू नका. त्याला म्हणा, "तुझ्या ओळखीच्या एकाचं नाव सांग." आणि त्या दुसऱ्याला निवडा. बस!

आपल्या दुसऱ्या पाड्यात करून बघा. डोळे मिटून एकाला निवडलं तर हब मिळण्याची शक्यता १०० मध्ये २. पण त्याला ओळखीचं नाव विचारलं, तर तो दुकानदाराचं किंवा आशाताईचंच नाव घेणार, कारण त्याची तेवढीच ओळख आहे! शक्यता थेट १०० मध्ये ९८ वर. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये दाखवलं होतं की सरासरीने तुमच्या मित्रांना तुमच्यापेक्षा जास्त मित्र असतात. वाईट वाटून घेऊ नका, बहुतेकांचं तसंच आहे. २००३ मध्ये रुवेन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच युक्ती लसीकरणासाठी मांडली.

आणि ही फक्त कागदावर राहिली नाही. नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी अरुण चंद्रशेखर व मॅथ्यू जॅक्सन यांच्यासोबत कर्नाटकातल्या २१३ गावांत आणि नंतर हरियाणात हे करून पाहिलं. त्यांनी गावकऱ्यांना साधं विचारलं: बातमी गावभर पसरवायची असेल तर कुणाला सांगावं? लोकांनी घेतलेली नावं बरोबर निघाली. हरियाणात अशा माणसांमार्फत निरोप दिल्यावर, कोणालाही निवडून निरोप दिलेल्या गावांपेक्षा जास्त मुलं लसीला आली.

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात काम करणाऱ्या माझ्या श्रोत्यांनो, हे तुमच्यासाठी आहे. पाड्यात बॅनर लावला, त्यावर मराठीत छापलं, आणि घरात पावरी किंवा भिली बोलली जाते, तर बॅनर भिंतीवरच राहतो. त्याऐवजी भेटेल त्या पाच जणांना विचारा, "तुम्ही कोणाचं ऐकता?" एकच नाव तीनदा आलं की तुमचं काम निम्मं झालं. ते नाव सरपंचाचं असेलच असं नाही. कदाचित सुईण असेल, कदाचित पिठाची गिरणीवाला.

तर आजचा गृहपाठ. आज रात्री घरातल्या तिघांना वेगवेगळं विचारा: "आपल्या गावात एखादी गोष्ट सगळ्यांत आधी कुणाला कळते?" तिघांची उत्तरं जुळली, तर तुमच्या गावाचा हब सापडला. त्याच्याकडे खरी बातमी आधी पोचेल याची काळजी घ्या, कारण खोटी आपोआप पोचते.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. राम राम!